नॉर्मलचं रक्त

अक्काताई लोंढेंनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते आणि मला त्यांचं रक्त काढायचं होतं. दोन मिनिटं मी नुसती सुई धरून उभी. शेवटी म्हटलं, हात दिला नाहीत तर काय कानातून काढू का? त्या हसल्या. हात बाहेर आला, पण मूठ घट्ट वळलेली.

"मूठ शीर वर येण्यापुरती वळा," मी म्हटलं. "नखं लपवायला नको. मी रोज बघते असली नखं."

ही शुद्ध थाप होती. मिरजेच्या त्या लॅबमध्ये मला लागून जेमतेम सहा महिने झाले होते आणि असे पेशंट मी मोजून चार पाहिले होते. पण चोविसाव्या वर्षी माणूस थापा फार आत्मविश्वासाने मारतो.

अक्काताईंच्या दहापैकी सात नखांची दशा झाली होती. जाड, पिवळट, कडेने भुगा पडणारी. तोंडात मधूनमधून पांढरा थर धरायचा. त्वचाविभागातून गोळ्यांचे तीन कोर्स झाले होते. गोळ्या चालू तोवर बरं, थांबल्या की महिन्याभरात परत तेच. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी त्यांना आमच्याकडे धाडलं होतं.

त्या एका गावातल्या शाळेत खिचडी शिजवायच्या. आठ वर्षं. दिवाळीच्या आधी कुण्या पालकबाईंनी तक्रार केली की असल्या हातांचं पोरांनी खायचं कसं. मुख्याध्यापकांनी सांगितलं, सुट्टी संपायच्या आत डॉक्टरांचा कागद आणा. हे घाणीमुळे झालेलं नाही असं त्यात पाहिजे. शनिवारी अकराला शाळा समितीची बैठक होती. कागद नसला तर सोमवारपासून चुलीपुढे दुसरी बाई उभी राहणार होती. हे सगळं अक्काताईंनी मला रक्त देता देता सांगितलं आणि आज सोमवार होता.

आमची लॅब म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. एक डॉक्टर माईणकर सर, एक शिपाई दस्तगीरमामा आणि एक मी, त्रिशला मगदूम, जयसिंगपूरची. काम असं की बुरशीच्या अंगावरच्या साखरा आपल्या रक्तातल्या पेशी ओळखतात कशा, आणि काही माणसांच्या पेशी त्या का ओळखत नाहीत, हे बघायचं. घरी मी फक्त 'साखरेवर काम करते' एवढंच सांगितलं होतं. सांगली भागात साखर म्हटली की कारखाना. त्यामुळे अख्ख्या नात्यात मी साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि दोन काकांनी मला उसाच्या उताऱ्याबद्दल सल्ला विचारला होता. मी तो दिलाही होता. खरं सांगायची सोयच नव्हती, कारण आम्ही जैन; पावात यीस्ट, म्हणजे जिवंत बुरशीच, असतं म्हणून आमच्या घरात पावसुद्धा येत नसे, आणि मी दिवसभर तेच यीस्ट उकळत बसायचे.

अक्काताईंनाही साखर म्हटल्यावर वाटलं मधुमेह. मी म्हटलं, ती साखर नव्हे. बुरशीच्या अंगाभोवती भिंत असते, ती एकात एक अडकवलेल्या साखरेची असते. तिला चव नाही. ग्लुकान म्हणतात. आपल्या पांढऱ्या पेशींना ती चाचपली की कळतं की हा परका आहे, मग त्या आरडाओरडा करून बाकीच्या पेशींना बोलावतात. काही जणांच्या पेशींना हे जन्मापासूनच कळत नाही. अशांच्या अंगावर बुरशी घर करून राहते.

त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजे कुत्रं हाय दारात, पण चोर आल्यावर भुंकत न्हाई."

पुढे वीस वर्षं मी हा विषय शिकवला, आणि यापेक्षा सोपं करून मला तो कधी सांगता आला नाही.

आता आमची पद्धत सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. पेशंटच्या पेशींना ग्लुकान द्यायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्या किती ओरडल्या ते रंगावरून मोजायचं. रंग गडद पिवळा म्हणजे पेशी चांगल्या ओरडल्या. पण गडद म्हणजे किती गडद? म्हणून शेजारी एका निरोगी माणसाचं रक्त लावायचं. त्या माणसाला 'नॉर्मल' म्हणतात. आता रोज उठून निरोगी माणूस आणायचा कुठून? त्यामुळे लॅबमध्ये जो सगळ्यांत नवा असेल त्याचंच रक्त घ्यायचं, ही तिथली रीत. माझ्या आधी प्रसन्न नावाचा मुलगा नॉर्मल होता. तो हैदराबादला गेला आणि त्या पदावर मी आले. मला त्याचा भारी अभिमान होता. दस्तगीरमामा तर फोनवर सांगायचे, सर मीटिंगमध्ये आहेत, आमची नॉर्मल आहे, देऊ का?

मी आल्यापासून रंग मात्र एकूणच फिके यायला लागले होते. माझाही फिका, पेशंटचाही फिका. पण त्याच आठवड्यात ग्लुकानची नवी बाटली उघडली होती. बॅक्टेरियाचा तुकडा दिला की सगळ्यांच्या पेशी छान ओरडायच्या, म्हणजे पेशी जिवंत होत्या. तेव्हा दोष बाटलीचा धरला. सरांनी परदेशातून दुसरी मागवली, ती कस्टममध्ये अडकली. तोवर माझा रंग शंभर धरायचा आणि त्याच्याशी पेशंटचा ताडून बघायचा असं ठरलं. माझ्यावर संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यात कशाला येईल? मी तर नॉर्मल होते.

अक्काताईंचा आकडा आला शहाण्णव.

बुधवारी मी तो कागद त्यांच्या हातात दिला. खुशीतच दिला. म्हटलं, अभिनंदन, सगळं नॉर्मल आहे, तुमच्या पेशींना साखर ओळखता येते, जन्मजात दोष काही नाही. मला वाटलं बाई आता मला पेढे देणार. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि परत विचारलं, दोष काहीच नाही का? मी म्हटलं, अजिबात नाही.

"मग माझंच चुकतंय," त्या म्हणाल्या. "मीच घाण हाय म्हणायची."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी काहीतरी बोलले, की तसं नसतं, नखांत ओल राहते, भांड्यांचं पाणी असतं. जे बोलत होते ते सगळं त्यांच्याच अंगावर येत होतं. कागद गुरुजींना दाखवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नका दाखवू. असला कागद कोण देतं कुणाला?

त्यांची एसटी तीनला होती. त्या बाहेर पॅसेजमधल्या बाकावर बसून राहिल्या. मला पेशी वाढवायच्या खोलीत जायचं होतं आणि त्या खोलीचं दार नेमकं त्या बाकासमोर. आत जाताना बाहेरची पादत्राणं काढून निळ्या रबरी चपला घालायच्या असा नियम होता. अंगठ्याच्या चपला, त्यामुळे मोजेही काढावे लागायचे. मी नेहमी आजूबाजूला कुणी नाही हे बघून बदलायचे. त्या दिवशी मला फक्त त्यांच्या नजरेसमोरून पळायचं होतं, त्यामुळे घाईघाईत बूट ओढले, मोजे ओढले.

"ताई," अक्काताई म्हणाल्या, "तुमची बी नखं माझ्यागतच हायत की."

मी पाय चपलेत घुसवले. म्हटलं, हॉस्टेलच्या बाथरूममुळे झालंय. त्यांनी विचारलं, कधीपासून. सातवी-आठवीपासून असेल. मग हॉस्टेलच्या आधीपासूनचं की. घरात आणखी कुणाला? मी म्हटलं, आईच्या हातापायांना आहे, मावशीला आहे. सांगता सांगता माझाच आवाज मला ऐकू यायला लागला.

"मग तुमचं कुत्रं तरी भुंकतंय व्हय?" त्यांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. बाईंना खरंच प्रश्न पडला होता. सहा महिने हाच विषय माझ्या टेबलावर होता, बारा वर्षं हीच नखं माझ्या पायाला होती, आणि मी एकदाही दोन्ही जोडून पाहिलं नव्हतं. शिकल्यासवरल्याचा असा उपयोग.

मी आत गेले आणि दार लावून अर्धा तास स्टुलावर बसून राहिले. आता मोठेपणा सांगणार नाही, माझ्या मनात काय आलं ते सांगते. गप्प बसावं असं आलं. नवी बाटली येईल, नवा मुलगा नॉर्मल म्हणून येईल, आपोआप सगळं ठीक होईल. आदल्या महिन्यातच पीएचडीला नाव नोंदवलं होतं. चार पेशंटना 'नॉर्मल' म्हणून पत्रं गेली होती. आणि या सगळ्याच्या वर एक लाज होती, की आता सगळे माझ्या पायांकडे बघणार. बाहेर अक्काताई बसल्या होत्या आणि शनिवार तीन दिवसांवर होता. मी बाहेर आले, त्यांना म्हटलं, अजून एक नळी रक्त द्या आणि तो कागद मला परत करा.

सर चहा पीत होते. मी जाऊन म्हटलं, सर, तुमचं रक्त पाहिजे. सर म्हणाले, पगार वाढवून हवा असेल तर तसं सांग. मग मी सगळं सांगितलं, पायांसकट. त्यांनी कप खाली ठेवला आणि बाही वर केली. दस्तगीरमामांनी घासाघीस केली. त्यांना सुईची भीती होती आणि ती भीती बायकोला कळू नये अशी अट होती. मी शपथ घेतली. मामा आता राहिले नाहीत, म्हणून लिहिते आहे.

शुक्रवारी सकाळी रंग मोजायची, बारीक खळग्यांची प्लेट बघितली. सरांच्या पेशींचा रंग झेंडूसारखा गडद. मामांचा त्याहून गडद. तीच बाटली, तोच हात. आणि खालच्या ओळींत अक्काताई आणि मी, शेजारीशेजारी, दोघीही लिंबाच्या पाण्यासारख्या फिक्या.

सरांनी चष्मा पुसून परत बघितलं. मग म्हणाले, "चार पत्रांवर माझी सही आहे. आजच चौघांना लिहितो, परत बोलावतो." आणि माझ्याकडे वळून, "त्रिशला, नोकरी तीच राहील. नॉर्मलच्या पदावरून मात्र तुला काढलं."

मी हसले, आणि हसता हसता रडले. मग विचारलं, अक्काताईंचा कागद आज मिळेल ना? सर म्हणाले, नाही. वेगवेगळ्या दिवशी तीनदा हेच आलं पाहिजे, पुण्याहून जीनची तपासणी आली पाहिजे, त्याशिवाय सही नाही. मी खूप वाद घातला. उद्या बैठक आहे, चूक आपली आहे, बाईंची नाही. सर म्हणाले, एकदा घाईत सही करून बघितली की. शेवटी एवढंच झालं की त्यांनी आधीचा अहवाल रद्द केल्याचं दोन ओळींचं पत्र दिलं.

"कागदावर मी 'बहुतेक' असा शब्द लिहीत नाही," ते म्हणाले. "तोंडाने काय सांगायचं ते तुझं तू बघ. उद्या रजा घे."

शाळेत समितीचे लोक चौथीच्या वर्गात पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसले होते. मुख्याध्यापकांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, यात तर काहीच नाही, आधीचा कागद रद्द एवढंच आहे. तक्रार केली होती त्या शालनकाकी समोरच होत्या, मांडीवर नातू. मी त्यांना वाईट बाई समजून गेले होते. पण आपल्या नातवाची काळजी करणारी बाई आणखी काय वेगळं करणार? मी भिंत सांगितली, साखर सांगितली, कुत्रं सांगितलं. कुत्र्याला सगळे हसले. दारात उभ्या असलेल्या अक्काताई मात्र हसल्या नाहीत.

शालनकाकींनी मुद्द्याचं विचारलं. "पोरास्नी लागंल का?"

"शिजवलेल्या अन्नातून नाही लागत," मी म्हटलं. "आणि ही बुरशी तुमच्या, माझ्या, या बाळाच्याही अंगावर आजही थोडीफार असते. याचं शरीर तिला ओळखतं म्हणून काही होत नाही. अक्काताईंचं ओळखत नाही. यात धुण्यापुसण्याचा काही संबंध नाही."

"तुमी डाक्टर काय?"

सहज 'हो' म्हणता आलं असतं. थापांची सवय होतीच.

"नाही," मी म्हटलं. "मीपण पेशंट आहे."

आणि मी बुटाच्या नाड्या सोडायला वाकले. मागून अक्काताई म्हणाल्या, राहू दे ताई. पण मी बूट काढले, मोजे काढले आणि त्या वर्गाच्या फरशीवर अनवाणी उभी राहिले. शाळेतल्या स्पर्धेतही मी कधी पायातले मोजे काढले नव्हते. शालनकाकींनी वाकून नीट बघितलं. मग विचारलं, दिवसातून हात किती येळा धुता? मी म्हटलं, बारा-पंधरा वेळा, साबणाने, वरून स्पिरिट.

त्या मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाल्या, कागद येईस्तवर हातमोजं घालून करू दे की तिला. मुख्याध्यापक तेवढ्याचीच वाट बघत होते. महिनाभर मुदत, हातमोजे, आणि सोमवारपासून कामावर, असं त्यांनी रजिस्टरात लिहून टाकलं.

अक्काताई मला एसटी थांब्यापर्यंत सोडायला आल्या. आभार वगैरे काही नाही. थांब्यावर आल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "माझा कागद तुमी देणार. तुमचा कोण देणार?"

मी म्हटलं, मला कशाला कागद, माझ्याकडे कोण मागतंय.

"तुमच्या आईकडं बी कुणी मागितला न्हाई व्हय कधी?"

एसटी आली म्हणून बरं झालं. मी चढून बसले.

आईकडे कुणी कागद मागितला नव्हता, कारण कुणाला तो लागलाच नव्हता. आजीने आपल्या मनाने निकाल दिला होता. आमच्याकडे चातुर्मासात मुनिमहाराज आहाराला येतात. घरच्या बायका ओल्या कपड्यांत स्वयंपाक करतात, शुद्धीचं इतकं बघतात, आणि त्यांच्या ओंजळीत घास ठेवायला मिळणं हे जन्माचं भाग्य मानतात. माझ्या काकूंनी ठेवला, आत्यांनी ठेवला. आई लग्न होऊन आली तेव्हापासून मागच्या दाराशी उभी राहून नुसती बघायची. असले हात घेऊन पुढे यायचं नाही, असं आजीने पहिल्याच वर्षी चारचौघांत सांगितलं होतं. आईने त्यावर कधी तक्रार केली नाही. ती फक्त हात धुवायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया इतके हात धुतात.

रविवारी मी तिला सगळं सांगितलं. साखर कारखान्याचंही सांगितलं. यीस्ट उकळते हे ऐकून तिने कानाला हात लावले. पण सोमवारी तीच मुकाट्याने माझ्याबरोबर मिरजेला आली आणि सरांसमोर हात पुढे केला. मूठ तिचीही घट्ट वळलेली होती.

डिसेंबरच्या शेवटी पुण्याहून तपासणी आली. प्लेटही तीनदा झाली होती, तिन्ही वेळा तेच. सरांनी एका दिवशी तीन कागदांवर सह्या केल्या. अक्काताईंचा मी स्वतः नेऊन दिला, आणि त्यांचे हातमोजे सुटले. माझा कुठेतरी फायलीत असेल.

आईचा मी घरी नेला. ती तांदूळ निवडत होती. मी वाचून दाखवला, मराठीत करून. शेवटचं वाक्य असं होतं की हा दोष जन्मतः आहे, स्वच्छतेशी किंवा वागणुकीशी त्याचा काहीही संबंध नाही. आईचे हात ताटात थांबले.

"म्हणजे मी काही केलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही आई. काहीच नव्हतं केलं."

"हे तुझ्या आजीला वाचून दाखवायला पाहिजे होतं."

आजीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी कागदाची घडी घालायला लागले, तर आईने माझा हात धरला.

"पुन्हा एकदा वाच," ती म्हणाली. "जरा मोठ्याने वाच."